मुदत संपलेली लोकसभा

आपल्या लोकसभेची मुदत पाच वर्षांची. पाचवी लोकसभा मात्र पाच वर्षे दहा महिने चालली. मार्च १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसने ३५२ जागा जिंकल्या आणि ती सुरू झाली. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तुरुंगात गेले, सभागृहातला प्रश्नोत्तरांचा तासही बंद झाला. आणीबाणीत लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्ष वाढवायची सोय राज्यघटनेतच आहे. सरकारने ती दोनदा वापरली.

या काळातली एक कृती विसरू नये अशी आहे. मूळचे पुण्याचे मधू लिमये बिहारमधल्या बांका इथून निवडून आलेले, तेव्हा मध्य प्रदेशात स्थानबद्ध होते. मार्च १९७६ मध्ये जनतेने दिलेली पाच वर्षे संपताच, वाढीव मुदतीचा निषेध म्हणून त्यांनी तुरुंगातूनच खासदारकीचा राजीनामा दिला. आणखी एक खासदार शरद यादव यांनीही तेच केले. हा खरा लोकशाहीचा मान.

जानेवारी १९७७ मध्ये ही लोकसभा विसर्जित झाली. त्याआधी ४२व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदतच सहा वर्षांची केली होती. नंतर सत्तेवर आलेल्या जनता पक्षाच्या राजवटीत ४४व्या घटनादुरुस्तीने ती पुन्हा पाचवर आणली.