लघवीतले रक्त लपवू नका
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



गणपतीसमोर बोलायला हा विषय जरा संकोचाचा आहे. पण संकोचापायीच माणसे आजार अंगावर काढतात, म्हणून मुद्दाम हाच निवडला.

काही वर्षांपूर्वी आपल्यातलाच एक तरुण इंजिनीअर माझ्याकडे आला. वय तिशीच्या आत. लघवीच्या शेवटी रक्ताचे थेंब पडत होते, दुखत फारसे नव्हते. जंतुसंसर्ग समजून मी गोळ्या दिल्या. महिन्याने तो परत आला, मी गोळ्या बदलल्या. तिसऱ्या खेपेला त्याची आई सोबत होती. ती सहज म्हणाली, "डॉक्टर, आफ्रिकेहून आल्यापासूनच हे सुरू आहे हो." कंपनीच्या कामासाठी तो दोन वर्षे मलावीत होता आणि सुटीच्या दिवशी तिथल्या मोठ्या सरोवरात पोहायचा. कुठे राहिलास, कुठल्या पाण्यात उतरलास, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. दुपारची लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. टोकाला काटा असलेली अंडी स्पष्ट दिसली.

हा रोग म्हणजे बिल्हार्झिया. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरांनी १८५१ मध्ये कैरोत याचा जंत शोधला. रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये आपल्या कोलकात्यातच, पक्ष्यांचा मलेरिया डासांमार्फत पसरतो हे दाखवून दिले. मलेरियाला जसा डास, तशी या जंताला गोड्या पाण्यातली गोगलगाय लागते. तिच्यातून बाहेर पडलेल्या अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. जंत मूत्राशयाजवळच्या रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात. काही अंडी लघवीवाटे बाहेर पडतात, उरलेली मूत्राशयाच्या भिंतीत अडकतात. तिथे कायमची सूज राहते, अस्तर बदलते आणि पुढे कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जंताला कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले. मूत्राशयाचा कर्करोग एरवी बहुधा साठीनंतर दिसतो. इजिप्तमध्ये मात्र लहानपणी कालव्यात खेळलेल्या शेतकऱ्यांना तो चाळिशीतच गाठत असे.

ही परदेशातली गोष्ट, आपला काय संबंध, असे कुणाला वाटेल. पण रत्नागिरी जिल्ह्यातले, गुहागर तालुक्यातले गिमवी हे गाव याच रोगासाठी वैद्यकीय ग्रंथांत नोंदले गेले आहे. डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी १९५२ मध्ये तिथल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. टोपीसारख्या कवचाची एक चिमुकली गोगलगाय या जंताला तिथे आसरा देते, असे पुढे संशोधकांनी दाखवले. म्हणजे कोकणातल्या साध्या गावातही लघवीतल्या रक्ताचे कारण पाण्यात सापडू शकते. मात्र कुणीतरी चिकाटीने शोधावे लागते.

यावरून हुगळीला घाबरू नका. आफ्रिकेत हा जंत वाढवणारी गोगलगाय आपल्याकडे नाही. आपल्याकडे मूत्राशयाच्या कर्करोगाचे मोठे कारण तंबाखू आणि विडी-सिगारेट हेच आहे. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. लघवीतून एकदाच रक्त गेले, दुखले नाही, आपोआप थांबले, तरी तपासणी करा. न दुखणारे रक्त अधिक संशयाचे असते. दुसरे, नोकरीनिमित्त आफ्रिकेत किंवा आखाताच्या बाजूला येमेनमध्ये राहिला असाल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा. तिसरे, मुलगा लाजून बोलत नसेल तर घरच्यांनी बोला.

त्या तरुणाचे मूत्राशय दुर्बिणीतून पाहिले. गाठ नव्हती. प्राझिक्वान्टेलच्या गोळ्यांनी रक्त थांबले. आणखी दहा-पंधरा वर्षे तसाच राहिला असता, तर काय झाले असते कोण जाणे! त्याला वाचवले ते आईच्या त्या एका वाक्याने. म्हणून आपल्या घरातही हे वाक्य वेळेवर बोलले जावे, एवढीच बाप्पाचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!