मनाची दुसरी बाजू : डॉ. गिरींद्रशेखर बोस



मुलाला ताप आला की पालक त्याला तत्काळ डॉक्टरांकडे नेतात. त्याचे मन आजारले तर मात्र ‘लोक काय म्हणतील’ या विचाराने महिनोन्महिने थांबतात. हा संकोच दूर व्हावा म्हणून हीरक महोत्सवाच्या या प्रसंगी कोलकात्याच्याच एका मनोवैद्याचे स्मरण उचित ठरेल.

गिरींद्रशेखर बोस यांचा जन्म १८८७ साली झाला. ‘परशुराम’ या टोपणनावाने बंगाली वाचकांना हसविणारे राजशेखर बोस हे त्यांचे थोरले बंधू. १९१० मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन गिरींद्रशेखरांनी व्यवसाय आरंभला. परंतु त्यांचे कुतूहल देहापाशी थांबले नाही. तिशीच्या उंबरठ्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले. १९१७ साली त्यांनी मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९२१ साली दमन या विषयावरील प्रबंधास कोलकाता विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. तो प्रबंध त्यांनी व्हिएन्नाला सिग्मंड फ्रॉइड यांना पाठविला. त्यातून सुरू झालेला पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला. प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही.

बजबजच्या लोकलने सियालदहला उतरल्यावर उत्तरेस थोड्याच अंतरावर पारसीबागान लेन आहे. तेथील १४ क्रमांकाच्या आपल्या घरी डॉ. बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. आज आर. जी. कर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयात १९३३ साली त्यांच्याच पुढाकाराने मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. मनाचा रुग्णही इतर रुग्णांच्याच दारातून आत येऊ लागला, हे त्या घटनेचे मोल.

त्यांच्या उपचारपद्धतीचे मर्म एका विचारात आहे : प्रत्येक इच्छेला तिच्या विरुद्ध इच्छेची जोड असते. एक उघड दिसते, दुसरी मनाच्या तळाशी दडपलेली राहते. रुग्णाने कल्पनेने समोरच्या व्यक्तीच्या जागी उभे राहावे, म्हणजे ती दडलेली बाजू हळूहळू जाणिवेत येते, असे ते मानीत. फ्रॉइड यांना हा सिद्धांत पूर्णतः पटला नाही, तथापि डॉ. बोस आपल्या मतावर ठाम राहिले. त्यांनी इंग्रजीबरोबर बंगालीतही लिहिले. ‘स्वप्न’ हा त्यांचा ग्रंथ मातृभाषेतच आहे.

घराघरांत याचा प्रत्यय येतो. ‘मला कोणाची गरज नाही’ असे ओरडणाऱ्या मुलाला कदाचित कोणीतरी जवळ बसावे असेच वाटत असते. ‘मला शाळेत जायचे नाही’ या हट्टामागे शाळेत मान मिळावा ही आस असू शकते. बजबजमधील मराठी मूल घरी एक भाषा बोलते, रस्त्यावर दुसरी. दुःख मात्र बहुधा आईच्या भाषेतच प्रथम ओठांवर येते. म्हणून ‘काय झाले, बाळा?’ हा प्रश्न घरात, मराठीत आणि उत्तराची घाई न करता विचारला जावा.

तेवढ्याने भागले नाही, तर तज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात व संवादातून उपचार करतात. औषध लागल्यास ते मनोविकारतज्ज्ञ देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची निवड करताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी अवश्य पाहावी.

गुणपत्रिकेवर पालकांची स्वाक्षरी लागते. मुलाच्या मनाला स्वाक्षरी नको असते. त्याचे बोलणे पुरते ऐकून घेणारे माणूस हवे असते.