उमेदवाराजवळ काय मागावे?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



2024 च्या नोव्हेंबरात आपल्या राज्याच्या विधानसभेची निवडणूक झाली. त्या धामधुमीत संस्थेच्या कार्यालयात तीन उमेदवार येऊन गेले. तिघांनीही एकच प्रश्न केला, 'आपल्या समाजाची येथे मते किती?' आणि आम्हा कार्यकारी मंडळींनीही तिघांजवळ एकच मागणी केली, ती समाजमंदिराच्या भूखंडाची. तिघांनी ती तत्काळ मान्य केली. ते गेल्यावर मात्र आमचे आम्हांसच ओशाळल्यासारखे झाले. मागितले ते फार थोडे, आणि त्याच्या मोबदल्यात जी मते मोजून दाखविली ती आमच्या मालकीची नव्हती. मत ज्याचे त्याचे असते. ते ज्ञातीचे नव्हे. जातीच्या नावावर मते मागणे हे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये भ्रष्ट आचरण ठरते. मतदाराच्या जातीला केलेले आवाहनही त्यात मोडते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली दिला आहे.

मग उमेदवाराजवळ मागावे काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी.

पहिली, न्याय. 1987 च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांस उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. तरीही पोटगीसाठी दागिने मोडणाऱ्या भगिनी आपल्यांतच आहेत. ही सोय तालुक्याच्या न्यायालयापर्यंत पोहोचावी म्हणून आपण काय कराल, असे उमेदवारास विचारावे.

दुसरी, घर. शहरांतील आपली अनेक कुटुंबे सहकारी गृहसंस्थांत राहतात. सदनिकेचे पैसे फिटून वर्षे लोटली, तरी कित्येक ठिकाणी जमीन अजून बांधणाऱ्याच्याच नावावर आहे. 1963 च्या कायद्यात 2008 साली दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला झाला. पण कागदपत्रे जमविता जमविता वृद्ध सभासद थकून जातात. ही वाट सुकर करणे सरकारच्या हाती आहे.

तिसरी, शाळा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतील प्रवेशाच्या वर्गात 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखल्या. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळांस यातून सूट देण्याचा नियम राज्य शासनाने 2024 च्या फेब्रुवारीत केला. तो त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरविला. पुन्हा असे घडू लागल्यास आपण कोणत्या बाजूस उभे राहाल, हे उमेदवाराने आज सांगावे.

चौथी गोष्ट हक्कांची, आणि येथे प्रश्न आधी स्वतःसच विचारला पाहिजे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 साली महाराष्ट्राने केलेला कायदा 3 जुलै 2017 पासून अमलात आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. आपल्या वडिलांच्या पिढीत, ज्ञातीबाहेर विवाह केला म्हणून एका घराशी पानसुपारीचा व्यवहार बंद झाला होता. त्या ठरावावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांच्या तसबिरी याच सभागृहात लागल्या आहेत. त्यांची सेवा आम्ही विसरत नाही. परंतु त्या बाबतीत ते चुकले, हे बोलून दाखविल्यावाचून दुसऱ्याजवळ हक्कांची भाषा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्या घरातील मंडळींची आम्ही आज जाहीर क्षमा मागतो.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींच्या वसतिगृहांस आश्रय दिला, तो मुले शिकून मोठ्या समाजात मिसळावीत म्हणून. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यास सर्व जातींची मुले एका छपराखाली, एका पंक्तीस बसविली. ज्ञातिसंस्थेची वाट शेवटी तेथेच पोहोचली पाहिजे.

भूखंडाचे म्हणाल, तर सभागृह आपण वर्गणी काढून बांधू. उमेदवाराजवळ मात्र जे मागावयाचे ते शेजारच्या घरासही मिळेल असेच मागू.