एकसारख्या चुका



'तुझ्या प्रयोगशाळेतल्या कामाविषयी बोल, पण आम्हाला कळेल असं,' अशी संयोजकांची अट आहे. म्हणून उदाहरण शाळेतलंच घेतो.

तीन उत्तरपत्रिकांत एकच चमत्कारिक चूक दिसली की सर ओळखायचे, कॉपी झाली. दुसऱ्या पेपरात ती चूक आणि वर एक नवी, तिसऱ्यात त्या दोन्ही आणि आणखी एक, असं असलं की कोणी कोणाचं उतरवलं तेही उघड व्हायचं. जीनोम सिक्वेन्सिंग नेमकं हेच करतं. रुग्णालयात सापडणाऱ्या क्लेब्सिएला या जिवाणूचा जीनोम साधारण 55 लाख अक्षरांचा असतो. एकाचे दोन होताना तो ही सगळी अक्षरं उतरवतो. क्वचित एखादं चुकतं आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत जाते. दोन रुग्णांच्या जंतूंत त्याच चुका दिसल्या, तर संसर्ग एकाच साखळीतला. चुका वेगळ्या असल्या, तर दोघांनी तो वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेला.

2011 साली अमेरिकेत बेथेस्डा इथल्या सरकारी संशोधन रुग्णालयात अशा औषधांना न जुमानणाऱ्या क्लेब्सिएलाची लागण 18 जणांना झाली. 11 जण दगावले, त्यांपैकी 6 जण या संसर्गामुळे. पहिली रुग्ण घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी दुसरा सापडला, त्यामुळे दोघांचा संबंध असेल असं वाटत नव्हतं. जीनोमने दाखवलं, सगळ्यांचं मूळ तिच्यातच होतं. जंतू मधल्या काळात कुणाला न दिसता फिरत होता.

हे परदेशातलंच दुखणं नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कार्बापेनेम या राखीव औषधांना दाद न देणारे 24 जिवाणू तपासले होते. त्यांतल्या 22 मध्ये एनडीएम-1 हे जनुक निघालं. हे जनुक एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत उडी मारतं. त्याच्या नावात नवी दिल्ली का, यावरून तेव्हा मोठा वाद झाला. जंतूला मात्र नावाशी देणंघेणं नसतं.

आता आपल्या गावाचं. जामनेरचा अत्यवस्थ रुग्ण जळगावला जातो, तिथून कधी मुंबईला आणि बरा होऊन परत येतो. त्याच्याबरोबर जंतूही ये-जा करतो. सिक्वेन्सिंग त्याची वाट दाखवतं, पण ती बंद करायचं काम साबणाने धुतलेले हात करतात. प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर. 'भाऊ, तापाच्या दोन गोळ्या द्या' म्हणत चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेणंही थांबायला हवं. साधी सर्दी विषाणूची असते, तिला ते औषध लागूच पडत नाही. पोटातले जंतू मात्र त्याला सरावतात.

आज या मांडवात डॉक्टर आहेत, नर्स आहेत, मेडिकलवाले आहेत, शिक्षक आहेत. उद्या आपल्याच कुणाच्या नातवाला न्यूमोनिया झाला, तर औषध लागू पडलं पाहिजे. त्यासाठी ते आज वाचवावं लागेल, एवढंच सांगायचं होतं.