चढ दोघांचा

सायकलप्रवासाबद्दल बोलायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, किती किलोमीटर? आम्ही दोघा नवरा-बायकोनं सप्टेंबर २०१८मध्ये फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर सहा दिवसांत दोनशेच्या आसपास केले. हल्लीची मुलं तेवढे एका दिवसात करतात. तेव्हा आकडा बाजूलाच ठेवू. मला बोलायचंय ते चढांबद्दल.

ब्रिटनी प्रांताचं टोक अटलांटिक समुद्रात घुसलेलं आहे, आणि त्या टोकाचा मधला सुळका म्हणजे क्रोझों द्वीपकल्प. डोंगर म्हणावा असा तिथं एकच, मेनेझ-होम, तोही ३३० मीटरांचा. आपल्याकडे त्याला टेकडीच म्हटलं असतं. पण समुद्रानं तिथली जमीन ठिकठिकाणी कुरतडून ठेवली आहे. रस्ता पाण्यापर्यंत उतरतो आणि लगेच वर चढतो. थोडं पुढं गेलं की पुन्हा तेच. दापोलीहून गुहागरकडे किनाऱ्यानं गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिथल्या रस्त्यांवर गावांच्या पाट्या फ्रेंच आणि ब्रेतों अशा दोन भाषांत दिसतात. ब्रेतों ही त्या मातीची जुनी भाषा. 'पेन' म्हणजे डोकं किंवा टोक, 'मेनेझ' म्हणजे डोंगर, 'आबेर' म्हणजे नदीचं मुख. दोन दिवसांत आम्हाला पाटी वाचून पुढचा रस्ता कळू लागला. 'आबेर' दिसलं की उतार, 'पेन' दिसलं की दम साठवून ठेवायचा. शब्दकोशाचा इतका रोकडा उपयोग मला आयुष्यात दुसरीकडे झालेला नाही.

कँपेर या गावी आम्ही सायकली भाड्यानं घेतल्या. दुकानदारानं आमच्या पांढऱ्या केसांकडे बघून बॅटरीवाल्या सायकली पुढे केल्या. पत्नीनं मान हलवली. "चढ आहे तर चढू," ती म्हणाली. तिचा उजवा गुडघा कुरकुरतो, हे त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक! मग त्यानं भरपूर गिअरच्या दोन साध्या सायकली काढल्या. सर्वांत हलका गिअर टाकला की पाय भराभर फिरतात आणि सायकल मुंगीच्या पावलानं सरकते. पण सरकते.

या गिअरचं फ्रेंच नाव 'देरायर'. म्हणजे रुळावरून उतरवणारा. साखळीला एका चक्रीवरून ढकलून दुसरीवर नेतो, म्हणून. तो रुजवला शर्यतवाल्यांनी नव्हे, सहलीला जाणाऱ्यांनी. सेंत-एत्येन शहरातले पॉल द विव्ही, टोपणनाव वेलोसिओ, यांनी आपल्या मासिकातून वर्षानुवर्षं त्याचा पुरस्कार केला. १९०२ साली पिरेनीज पर्वतात तूर्मालेच्या घाटात एक चाचणी झाली. तीत मार्त एस नावाची बाई तीन गिअरच्या सायकलवर, पाय जमिनीला न टेकवता, घाट चढून गेली. तरीही 'तूर द फ्रान्स' शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांचं मत असं, की गिअर पंचेचाळिशीपुढच्यांना ठीक! त्यांच्या शर्यतीत देरायरला मुभा मिळाली ती थेट १९३७मध्ये. आम्ही दोघांनी पंचेचाळिशी केव्हाच ओलांडलेली; तेव्हा देग्रांजसाहेबांच्या परवानगीनंच चाललो होतो म्हणा ना.

पण गिअरनं सगळे प्रश्न सुटत नाहीत. पहिल्या दिवशी मी प्रत्येक चढ आधी संपवून वर थांबायचो. पाणी प्यायचो, फोटो काढायचो, ही खालून येताना दिसली की हात हलवायचो. लोक्रोनां हे ग्रॅनाइटच्या घरांचं देखणं गाव. एके काळी तिथं जहाजांच्या शिडांचं कापड विणलं जाई. त्याच्या अलीकडच्या चढाला ती वर आली, उतरली आणि म्हणाली, "तुम्ही वर उभे राहून बघता ना, ते मला नको. परीक्षा चालल्यासारखं वाटतं. शिवाय मी पोचते तेव्हा तुमची विश्रांती झालेली असते, तुम्ही लगेच निघता. माझी व्हायची कधी?"

मी गप्प. मग ठरलं, यापुढे पुढे ती, मागे मी.

दुसऱ्या दिवशी मेनेझ-होम. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, मधून जांभळी हीदर, आणि पश्चिमेचा वारा नेमका तोंडावर. गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवूनच गाडी पुढे काढायची, असा तिथला कायदा. जागा नसेल तर मोटारी मुकाट्यानं मागे राहतात; हॉर्न नाही. पुढच्याच्या चालीनं सायकल चालवणं मात्र सोपं नसतं. वेग कमी पडला की तोल जातो, जास्त झाला की चाकाला चाक लागतं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. शेवटच्या वळणाआधी तो तुटला, ती उतरली. मीही उतरलो.

"तुम्ही कशाला?"

"मागून येणाऱ्यानं मग काय करायचं?"

शंभरेक पावलं चाललो. मग तिनं न बोलता पुन्हा टांग टाकली. माथ्यावर एका हाताला दुआर्ननेचा उपसागर, दुसऱ्या हाताला ब्रेस्टचं बंदर. तिनं गुडघा चोळला आणि दोन्हीकडे नीट पाहून घेतलं. त्या दिवशी निघायचं कधी, ते तिनं सांगितलं.

खाली गावात गालेत खाल्ली. ही आपल्या घावनासारखी, पण कुट्टूच्या पिठाची. तिच्यात एरवी डुकराचं मांस घालतात; आम्ही अंडं आणि चीज तेवढं मागितलं. गंमत म्हणजे कुट्टूला फ्रेंचमध्ये 'साराझां' म्हणतात. जुन्या युरोपात मुसलमानांना हेच नाव होतं. दाणा काळसर, म्हणून ते धान्याला चिकटलं. आता त्याच्यावाचून ब्रिटनीचं पान हलत नाही. पत्नी म्हणाली, "म्हणजे घरचंच जेवण की!"

द्वीपकल्पाच्या टोकाला कामारे. गावाबाहेर माळावर प्राचीन उभ्या दगडांच्या रांगा आहेत, आणि जवळच एका वाड्याचे पडके बुरूज. हे सें-पोल-रू या कवीचं घर. झोपायला जाताना हा गृहस्थ दारावर कवी कामात असल्याची पाटी लावायचा म्हणतात. मुलगा पहिल्या महायुद्धात गेला; त्याचं नाव त्यानं घराला दिलं. जून १९४०मध्ये एका रात्री जर्मन सैनिक घरात घुसला. त्यानं मोलकरणीला ठार केलं, कवीच्या मुलीला जखमी केलं. पुढं घर लुटलं गेलं, हस्तलिखितांची धूळधाण झाली. ऑक्टोबरमध्ये ब्रेस्टच्या इस्पितळात कवी वारला. वय ७९. १९४४च्या बाँबहल्ल्यात घरही गेलं.

हे सगळं मी तिला तिथंच भिंतीला टेकून सांगितलं. माझ्या कवितांच्या वह्या घरात कुठल्या कपाटात आहेत, हे मला नाही, तिला ठाऊक असतं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "परत गेल्यावर तुमच्या वह्यांच्या झेरॉक्स काढू. एक संच माझ्या भावाकडे ठेवू."

तिथून बंदरापर्यंत उतारच उतार. ती पुढे होती, आणि ब्रेकला हात लावायचं नाव घेत नव्हती.