कणकेत हात : युरोपातील शालेय गणित-विज्ञानाचे धोरण

युरोपीय संघाला शाळेच्या अभ्यासक्रमाला हात लावता येत नाही. संघाच्या कार्यपद्धतीच्या करारातील १६५वे कलम तसे बजावूनच सांगते. वर्गात काय शिकवायचे आणि शिक्षणव्यवस्था कशी उभारायची ही जबाबदारी सदस्य राष्ट्रांची. संघाने साहाय्य करावे, प्रोत्साहन द्यावे, पण देशोदेशींचे कायदे एका साच्यात बसवू नयेत. गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान यांचे शालेय शिक्षण सुधारण्याचे जे काही युरोपीय धोरण आहे, ते या चौकटीत राहून आखलेले आहे. त्यामुळे ब्रुसेल्सच्या हाती तीनच साधने उरतात : सर्वांनी मिळून मान्य केलेली आकड्यांतील उद्दिष्टे, प्रकल्पांना पैसा, आणि एकमेकांचे पाहून शिकण्याची सोय. गाजावाजा पहिल्या साधनाचा झाला. फळ मात्र जिथे शिक्षकाला वेळ आणि सोबत मिळाली तिथेच धरले, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

मार्च २०००मधील लिस्बन परिषद श्रोत्यांना परिचित आहे. दहा वर्षांत युरोपची अर्थव्यवस्था जगातील सर्वांत गतिमान ज्ञानाधारित अर्थव्यवस्था करण्याचा संकल्प तिथे सोडला गेला, एवढे स्मरण पुरे. शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने मे २००३मध्ये त्याला २०१०पर्यंतच्या पाच मानकांची जोड दिली. शाळा अर्धवट सोडणारी मुले, वाचनात मागे पडणारी मुले यांच्या जोडीला त्यांतले एक मानक प्रस्तुत विषयाचे होते : गणित, विज्ञान व तंत्रज्ञान या शाखांच्या पदवीधरांची संख्या किमान १५ टक्क्यांनी वाढावी आणि त्यांतील स्त्री-पुरुष तफावत कमी व्हावी.

पाचांपैकी गाठले गेले ते एवढे एकच. पण हे यश नीट तपासून घ्यायला हवे. संख्येतील वाढ २००३पर्यंतच १५ टक्क्यांपलीकडे गेली होती. म्हणजे मानक ठरले त्या सुमारास ते गाठलेही गेले होते. त्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेले बहुतेक तरुण १९९०च्या दशकात विद्यापीठात दाखल झालेले होते, आणि गणिताशी त्यांचे जमले की बिनसले हे त्याच्याही आधी, शाळेच्या बाकावर, ठरलेले होते. मुलींचा वाटा तर दशक संपतानाही एक-तृतीयांशाच्या आसपासच घुटमळत राहिला. विद्यापीठाच्या दारात उभे राहून डोकी मोजली की शाळा दिसतच नाही.

शाळा दिसू लागली ती दोन अहवालांमुळे. पोर्तुगालचे पदार्थवैज्ञानिक आणि विज्ञानमंत्री राहिलेले जुझे मारियानु गागु यांच्या गटाने २००४मध्ये युरोपला अधिक वैज्ञानिक हवेत, अशी मांडणी केली. त्यानंतर फ्रान्सचे माजी पंतप्रधान मिशेल रोकार यांच्या अध्यक्षतेखालील गटाचा अहवाल २००७मध्ये आला. त्याचा रोख स्पष्ट होता : मुलांचा विज्ञानातील रस आटण्यामागे शिकवण्याची रीत हे मोठे कारण आहे. आधी नियम, मग सूत्र, शेवटी वेळ उरला तर प्रयोग हा क्रम उलटा करावा. प्रश्नापासून सुरुवात व्हावी आणि निष्कर्ष मुलांच्या हातून निघावा. शिक्षक हा या बदलाचा मुख्य माणूस आहे आणि त्याला एकटे सोडू नये, हेही अहवालाने ठासून सांगितले. पुरावा म्हणून त्याने दोन प्रकल्प पुढे ठेवले : फ्रान्समधील प्रयत्नांतून उगवलेला ‘पोलन’ आणि जर्मनीतील ‘झीनुस’. या दोन्हींची मुळे ब्रुसेल्समध्ये नाहीत, आणि ती पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९०७च्या सुमारास पॅरिसमधील काही प्राध्यापकांनी आपल्या मुलांसाठी एक सहकारी वर्ग चालवला. मुले दहाएक. रसायन शिकवायला झाँ पेरँ, गणिताला पॉल लान्जवँ आणि पदार्थविज्ञानाला मारी क्युरी. त्यांची थोरली मुलगी इरेन विद्यार्थ्यांत होती. इझाबेल शाव्हान नावाच्या मुलीने त्या तासांची टिपणे काढून ठेवली. ती जवळजवळ शंभर वर्षांनी, २००३मध्ये, पुस्तकरूपाने छापली गेली. सायकलच्या चाकातले छर्रे शाईत बुडवून उतरत्या फळीवर सोडायचे, म्हणजे ते आपल्या मार्गाची वक्ररेषा स्वतःच काढतात आणि पडत्या वस्तूचा नियम मुलांच्या डोळ्यांसमोर उमटतो. धाकटी मुलगी ईव्ह हिने आईच्या चरित्रात आणखी एक प्रसंग नोंदवला आहे. भांड्यातले गरम पाणी गरमच राहावे म्हणून काय करावे, असा प्रश्न क्युरीबाईंनी वर्गाला टाकला. पुढे नामवंत झालेली ती हुशार मुले एकाहून एक युक्त्या सुचवू लागली. कुणी म्हणाले लोकरीत गुंडाळावे, कुणी उष्णतारोधनाच्या आणखी नाजूक रचना सांगितल्या. बाईंचे उत्तर साधे होते : आपण तर आधी झाकण ठेवू. ज्ञान हाताशी असले पाहिजे, मिरवायला नव्हे, हे त्या एका उत्तरात मुलांना कळले असेल. हा वर्ग जेमतेम दोन वर्षे टिकला. मोठ्यांना आपापली संशोधने होती.

पण धागा तुटला नाही. इरेनला १९३५मध्ये पती फ्रेदेरिक जोलिओ यांच्यासह रसायनाचे नोबेल मिळाले. जोलिओंच्या प्रयोगशाळेत पुढे एक तरुण संशोधनाला आला, त्याचे नाव जॉर्ज शार्पाक. ज्यू कुटुंबात जन्मलेला, लहानपणी पोलंडमधून फ्रान्समध्ये आलेला आणि नाझींच्या डाखाऊ छळछावणीतून जिवंत परतलेला हा माणूस पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत गेला. कणांचा माग काढणारा बहुतारी कक्ष त्याने तिथे १९६८मध्ये तयार केला आणि त्यासाठी १९९२मध्ये त्याला नोबेल मिळाले. मान मिळाल्यावर शार्पाक यांनी तो प्राथमिक शाळेच्या कामी लावला, ही त्यांच्या आयुष्यातली नोबेलइतकीच मोठी गोष्ट मानावी लागेल. अमेरिकी नोबेल विजेते लिऑन लेडरमन शिकागोच्या गरीब वस्त्यांतील शाळांत मुलांकडून प्रयोग करवून घेत होते. ते पाहून आल्यावर शार्पाक यांनी प्येर लेना आणि इव्ह केरे यांच्यासह, विज्ञान अकादमीच्या पाठबळाने, १९९६मध्ये साडेतीनशेच्या आसपास वर्गांत काम सुरू केले. नाव दिले ‘ला मँ आ ला पात’, म्हणजे कणकेत हात.

या पद्धतीचा एक तास असा चालतो. मुलांसमोर पाण्याची परात आणि मातीचा गोळा असतो. गोळा बुडेल की तरंगेल, हे प्रत्येकाने आधी प्रयोगवहीत लिहायचे, शक्य तर चित्रासह. मग पाहायचे. गोळा बुडतो. त्याच गोळ्याची पसरट वाटी केली की तरंगते. माती तीच, वजन तेच. आता वाद सुरू होतो आणि वाद मिटवायला पुन्हा परातीकडेच जावे लागते. वहीत मुलाचे स्वतःचे लिखाण चुकीचे असले तरी शिक्षक त्यावर लाल रेघ ओढत नाही. वर्गाने चर्चेअंती मान्य केलेले वाक्य वेगळे लिहिले जाते. एकाच विषयाला अनेक आठवडे, आठवड्याला किमान दोन तास द्यावेत, असे या उपक्रमाच्या तत्त्वांत स्वच्छ लिहिले आहे. भाषा आणि विज्ञान इथे एकत्र वाढतात. फ्रान्समधील प्राथमिक शिक्षक बहुतांशी साहित्य-मानव्यशाखांतून आलेले असतात. त्यांच्या मनातली धास्ती जावी म्हणून वैज्ञानिकांशी त्यांचा संपर्क जोडून देण्यात आला. शिक्षकाने प्रश्न विचारावा आणि वैज्ञानिकाने उत्तर द्यावे, अशी व्यवस्था इंटरनेटवरही उभी राहिली. या अनुभवावर आधारलेला ‘पोलन’ २००६मध्ये १२ देशांतील १२ शहरांत सुरू झाला.

जर्मनीची वाट निराळी. गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जर्मन मुले मध्यावरच आहेत, हे १९९७मध्ये कळले आणि देशाला धक्का बसला. १९९८मध्ये ‘झीनुस’ सुरू झाला : १८० शाळा, सहा-सहा शाळांचे गट, पाच वर्षांची मुदत. वरून पाठ लादले गेले नाहीत. ११ कार्यसूत्रे मांडली गेली, त्यांतली आपल्या शाळेला भिडतील ती शिक्षकांनी स्वतः निवडली. गृहपाठाच्या उदाहरणांचा दर्जा सुधारणे हे एक सूत्र, चुकांमधून शिकणे हे दुसरे. लांबी-रुंदी देऊन आयताचे क्षेत्रफळ विचारले तर उत्तर एकच येते. क्षेत्रफळ २४ देऊन आयत किती प्रकारचे काढता येतील, असे विचारले तर वर्ग कामाला लागतो आणि एकाची चूक दुसऱ्याच्या उपयोगी पडते. गटातल्या शिक्षकांनी असे बदल एकत्र बसून करायचे, वर्गात करून पाहायचे, पुन्हा एकत्र यायचे. २००३नंतरच्या विस्तारात ही रीत दीड हजारांहून अधिक शाळांपर्यंत गेली.

सभागृहात शिक्षक बहुसंख्येने असताना हे मांडणे सोपे आहे. म्हणून विरुद्ध बाजूचा सर्वांत जड पुरावाही पुढे ठेवला पाहिजे. ‘कणकेत हात’ जिथे जन्मले त्या फ्रान्सची चौथीची मुले २०१५च्या गणिताच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सहभागी संघदेशांत तळाला होती. मग त्या पद्धतीने काय साधले? उत्तर असे की ती विज्ञानाच्या तासासाठी होती आणि देशातल्या बहुसंख्य वर्गांपर्यंत पोचलीच नाही. गणिताचे खरे दुखणे गणितज्ञ सेद्रिक व्हिलानी आणि शार्ल तोरोसियाँ यांच्या फेब्रुवारी २०१८च्या अहवालाने दाखवले. त्यातील २१ उपायांत प्राथमिक शिक्षकाची तयारी आणि शिक्षकांनी गटाने शिकणे यांना मोठे स्थान आहे. त्यानंतर फ्रान्सने शिक्षकांचे आठेक जणांचे गट बांधायला घेतले. म्हणजे फिरून ‘झीनुस’च्याच वाटेवर येणे झाले.

वेळ सरत आला असल्याने इतर देशांचा केवळ उल्लेख शक्य आहे. फिनलंडने १९९६ ते २००२ ‘लुमा’ कार्यक्रम चालवला आणि २००३मध्ये हेलसिंकी विद्यापीठात त्याचे केंद्र उभारले. आयर्लंडने २००८मध्ये २४ शाळांत नवे गणित करून पाहिले आणि २०१०पासून देशभर नेले. एस्टोनियाने १९९०च्या दशकात शाळांना संगणक देताना शिक्षकांच्या प्रशिक्षणावरही खर्च केला. १५ वर्षांच्या मुलांच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत आज तो संघातील अग्रणी देश आहे.

संघाच्या मानकात बदल २००९मध्ये झाला. पदवीधर मोजणे सुटले आणि वाचन, गणित व विज्ञानात मागे राहणाऱ्या १५ वर्षांच्या मुलांचे प्रमाण २०२०पर्यंत १५ टक्क्यांखाली आणायचे ठरले. हा योग्य बदल होता. गणितात मागे म्हणजे काय, तर दोन रस्त्यांची एकूण लांबी ताडून पाहणे किंवा वस्तूची किंमत दुसऱ्या चलनात मांडणे ज्याला जमत नाही तो. २०१८च्या पिसा चाचणीत अशी मुले गणितात २२.९ टक्के होती. महासाथीनंतर २०२२मध्ये ती २९.५ टक्के झाली. विज्ञानात हे प्रमाण २४.२ टक्के झाले. उद्दिष्टाची मुदत आता २०३०पर्यंत वाढवली आहे.

मार्च २०२५मध्ये युरोपीय आयोगाने विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणाची नवी योजना आणि मूलभूत कौशल्यांची कृतियोजना एकाच दिवशी मांडली. पहिलीत आकडे पुन्हा पुढे आहेत : २०३०पर्यंत उच्च शिक्षणातील किमान ३२ टक्के आणि व्यवसाय शिक्षणातील किमान ४५ टक्के विद्यार्थी या शाखांत असावेत, उच्च शिक्षणात त्यांतील पाचांपैकी दोन मुली असाव्यात. ही सारी उद्दिष्टे विद्यार्थ्यांच्या संख्येची आहेत. शिक्षकांनी एकत्र बसून उदाहरणे बदलावीत, प्रयोगवह्या वाचाव्यात यासाठी आठवड्यातले किती तास मोकळे करायचे, हे १६५व्या कलमानुसार प्रत्येक देशाच्या शिक्षणखात्यानेच ठरवायचे आहे.