तळाला गेलेली पिशवी

समुद्रातला कचरा लाटांवर तरंगत राहतो, ही समजूत अर्धीच खरी. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक समुद्राच्या पाण्याहून जड; आत पाणी शिरलं की ती थेट तळ गाठते. कॅरीबॅग हलकी खरी, पण तिच्यावर शेवाळ, शिंपले चढतात आणि तीही बुडते. प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेत १९९८ साली जपानी संशोधकांच्या कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी दिसली, तब्बल १०,८९८ मीटर खोल! तिथं ती मुद्दाम कोण नेऊन टाकणार? बराचसा कचरा जमिनीवरचाच: गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत. शिवाय मासेमारीची तुटकी नायलॉनची जाळी. ती तळाशी पडूनही मासे, खेकडे अडकवत राहतात. कोकणात ट्रॉलरच्या जाळ्यात मासळीबरोबर प्लास्टिकही येतं. खलाशीदादांनो, ते पुन्हा पाण्यात भिरकावू नका, बंदरावर आणा.